आटपाडीच्या उन्हात पाच टाक

२४ नोव्हेंबर, रविवार
दुपारी आटपाडीला पोचलो. लेकीकडे, शालनच्या घरी. साताऱ्यात एस.टी.त बसवताना विलासला विचारलं, परत न्यायला कधी येतोस? म्हणाला, "थंडी सरली की बघू." बघू म्हणजे काय? पोराने बापाला बघू म्हणावं...
डॉक्टर म्हणाले होते, आमच्या जावळीच्या गारठ्यात दमा वाढेल. इथे ऊन चांगलं लागतं. स्वेटर काढून ठेवला. ट्रंक खाटेखाली. शालनला सांगितलं, हात लावू नको, औषधं आहेत. खोटं.

२६ नोव्हेंबर
छाती वाजत नाही. तरी करमत नाही. दिवसभर ओट्यावर. शालनची सासू, विहीणबाई, तोंडाच्या फटकळ. "पाव्हणं, ऊन खावा पोटभर. आटपाडीत त्येवढंच फुकट मिळतंय." हसलो. मग वाटलं, टोमणा होता का?
सगळे शेळ्यांकडे गेले की ट्रंक उघडतो. कानटोपीत गुंडाळलेले आमच्या देव्हाऱ्यातले पाच चांदीचे टाक. खंडोबा, भवानी, जोतिबा आणि आई-वडिलांचे दोन. पाणी घालतो, पुसतो, परत ठेवतो. मागच्या वर्षी मी आठ दिवस दवाखान्यात होतो, तेव्हा घरी देव कोरडेच होते. म्हणून आणले. विलासला सांगायचं राहिलं. राहिलं नाही, सांगितलं नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
विलासचा फोन. "तुमच्या खोलीत भाताची पोती टाकल्यात. पडवीत उंदरं लय झाली." मी आल्यावर निजायचं कुठे? विचारलं नाही. खाट काढली का, तेही नाही. झोप कमी.
खरं लिहितो. देवांच्या पाण्याचं निमित्त होतं. देव माझ्याजवळ असले तर मला न्यायला यावंच लागेल, हे मनात होतं.

१ डिसेंबर, रविवार
उद्यापासून खंडोबाचं सहा दिवसांचं नवरात्र. त्याआधी घरून बोलावणं येईल, असा माझा अंदाज. संध्याकाळी विलासचा फोन आला तो वेगळाच. "आबा, देव्हाऱ्यात टाक न्हाईत. तुमी कुठं ठिवलं का?"
"असत्याल तितंच. नीट बघा."
तोंडातून गेलं. मागून सूनबाईचा, रेखाचा आवाज. रडत होती की भांडत होती, कळलं नाही.

२ डिसेंबर
सकाळीच शालनला रेखाचा फोन. टाक घासायला काढलेस आणि राखेबरोबर उकिरड्यात टाकलेस, असं विलास तिला म्हणाला. माहेरी जा म्हणाला. ती कालपासून जेवलेली नाही. घट मात्र बसला. गुरवाने सांगितलं, टाकांच्या जागी पाच सुपाऱ्या मांडा. मांडल्या. भागलं.
दम लागला. ट्रंक ओढली आणि शालनपुढे कानटोपी उघडली. तिने डोक्यावर पदर घेतला. विहीणबाई कसल्या गप्प बसतात. "आवं पाव्हणं, लेकीच्या घरात म्हायेरचं देव आणत्यात व्हय? आता आमच्या देवाला काय सांगू, सोयरं ऱ्हायला आल्यात म्हणू?"
शालनने दाराबाहेर जाऊन भावाला फोन लावला.

४ डिसेंबर, बुधवार
विलास मोटरसायकलवर आला. ओरडेल असं सकाळपासून वाटत होतं. ओरडला नाही. टाक मोजले, रुमालात बांधून शर्टाच्या आत ठेवले. चहा घेतला. मी म्हणालो, "मागं बसून येतो मी."
"येवढ्या गारठ्यात? नगं."
चपला घालताना म्हणाला, "आबा, तिला नगं नगं त्ये बोललोय मी. तुमच्यापायी. तुमी कवा यायचं, त्ये आता तीच सांगंल. तिला फोन करा."
केला नाही.

५ डिसेंबर
नंबर काढला, ठेवला. दोनदा. सासऱ्याने सुनेला चुकलं म्हणायचं, हे आमच्यात कोणी केल्याचं ऐकलं नाही. कसं म्हणतात ते?

६ डिसेंबर
तेच. खोकला.

७ डिसेंबर, शनिवार, चंपाषष्ठी
इथे वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा. जेवणं झाल्यावर शालनने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला आणि उठून गेली.
"कोण? आबा?"
"व्हय. जेवलीस का?"
"निवद दावायचाय अजून."
"टाक नीट पोचलं का?"
"पोचलं. उकिरड्यात न्हाई गावलं."
तिने फोन ठेवला नाही. मागे विलास तळी उचलायला माणसांना हाका मारत होता.
"बोला आबा, काय आसंल त्ये. समदी खोळंबल्यात."
"रेखा, माजं चुकलं."
म्हणालो आणि त्याच वेळी तिकडे येळकोट सुरू झाला. पाच-सात जणांचा आवाज. तिला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. "ठिवते," म्हणाली. नेहमीसारखंच म्हणाली.
शालन विचारते, काय म्हणाली वहिनी. काय सांगू? परत फोन करायचा म्हणजे तेच परत म्हणायचं. माझ्याच्याने होईल का...