नदी आली का?

समुद्रपूर

रत्नदीप दादा,

जय भीम. आज माह्या पोरीनं, गुंजननं, तो सिनेमा मले टीव्हीवर हिंदीत लावून देल्ला. तोच, नव्या मुलखात निघालेल्या घोडागाड्यांच्या काफिल्याचा. लहानपणी तो पाहाले तुले घेऊन बाबा वर्ध्याले गेलते अन् मले म्हणे, "पोरीच्या कामाचा नाई तो." मंग कितीक वर्षं जेवताना तुम्ही दोघं त्याच्याच गोष्टी करत होते, अन् मी पोळ्या वाढत होती.

बाबा वारले त्याच्या आधी सारखे विचारत, "नदी आली का?" मी तुले फोन केलता. तू हासला. "ते सिनेमातलं आहे, तुले नाई समजणार," म्हणे, अन् फोन ठेवला. मंग मी बाबाले म्हणत राह्यली, "इथं कोणती नदी, बाबा? झोपा उगीमुगी." ते माह्याकडं पाहात अन् पुन्हा विचारत.

आज पाह्यलं. गाडीत एक म्हातारा आजारी पडला आहे. तो आपल्या पोरीले तेच विचारते. नदी अजून लय दूर आहे, पण पोरगी त्याचा हात धरते अन् म्हणते, "आली, बाबा." म्हातारा शांत डोळे मिटते.

एवढंच होतं, दादा! यात न समजण्यासारखं काय होतं? मले तेवढं सांगाले तुले काऊन जड गेलं?

मी टीव्ही बंद केला. गुंजन म्हणे, "आई, अजून सिनेमा बाकी आहे."

"राहू दे," मी म्हटलं.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाई. तू वाचून पुन्हा हासशीन, अन् मंग मले तुह्याशी कधीच बोलता येणार नाई.

तुही बहीण,
जागृती