वातीजवळच्या पाकळ्या

ता. १२, गुरुवार

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे ठीक असाल. आम्ही दोघंही बरे आहोत. बहिणीचं पत्र आलंय म्हणजे हिला काहीतरी हवंय, असं तू वहिनीला म्हणशील. म्हण. या वेळी ते खरंच आहे.

वहिनीला सांग, तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींसाठी मागितलेले भेटीचे डबे तयार झालेत. प्रत्येकात एक मेणबत्ती, एक साबण आणि हातानं रंगवलेलं कार्ड. रिबिनीचा रंग तिनं सांगितला तोच आहे, उगाच ओरडायला नको. आमच्याकडे हल्ली चहालाही लव्हेंडरचा वास येतो. हे म्हणतात, तुझ्याशी संसार म्हणजे अत्तराच्या दुकानात राहणं, फक्त अत्तर कुणी लावू देत नाही.

प्रदर्शन चांगलं झालं. टेबलावरचं सगळं संपलं. लोक मेणबत्तीची बरणी उचलून वास घ्यायचे, "घरी केलंत?" म्हणून विचारायचे, आणि मी मान डोलवायची. तू आला नाहीस. येणार तरी कसा, आईचं घर रिकामं करत होतास.

फोनवर तू "हं, बोल" म्हणालास की माझं बोलणं भलतीकडेच वळतं, म्हणून हे लिहिते आहे. हे शनिवारी डबे घेऊन येतील, पत्र त्यांच्याच हाती देते. सोमवारी तू आईचं घर भाड्यानं देणार आहेस. देऊ नकोस.

लगेच रागावू नकोस, आधी वाच.

गेल्या रविवारी तुझ्याकडे आले होते तेव्हाच सांगायचं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वहिनीला विचारत होती, "मी चहा टाकू का?" आपली आई, दादा! वहिनी वाईट बोलली नाही. "तुम्ही बसा, मी करते," एवढंच म्हणाली. तू मला बाजूला घेऊन सांगितलंस, "आता तिच्या हाती काडेपेटी लागू देत नाही. परत पडदा पेटायला नको." तू काळजीपोटीच म्हणालास. मी बशीतल्या बिस्किटाचा भुगा करत बसले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आई विसरायला लागलेली नाही. डॉक्टरांनी तिला वार विचारला, तारीख विचारली, आकडे उलटे म्हणायला लावले. तिनं सगळं बरोबर सांगितलं, वर तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय म्हणून डॉक्टरांनाच सांगितलं. तरी तू म्हणालास, "आज बरी आहे, त्या दिवशी नव्हती." त्या दिवशीही ती बरी होती. चुकले होते ती मी.

ती मेणबत्ती मी केलेली, हे तुला ठाऊक आहे. बाकीचं ठाऊक नाही. आईच्या वाढदिवसासाठी मी तिच्याच गॅलरीतल्या गुलाबाच्या पाकळ्या वाळवल्या आणि मेणाच्या वरच्या थरात बसवल्या, वातीला अगदी खेटून, फुलासारख्या. दिसायला इतकी देखणी झाली की तशाच आणखी ओतून विकल्यासुद्धा. नवा प्रकार केला की एक मेणबत्ती आधी स्वतः जाळून बघायची असते. मी आधी वाटल्या आणि मग जाळून बघितली. माझी घाई तुला लहानपणापासून माहीत आहे. मेण वितळलं तशा पाकळ्या सुटून वातीकडे सरकल्या आणि पटापट पेटल्या. ज्वाळा बरणीच्या बाहेर आली. मी ताटली झाकून कशीबशी विझवली.

त्याच दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले. लावू नका, बदलून देते म्हटलं. सगळ्या परत आल्या. आईला फोन केला नाही.

मनाशी म्हटलं, आई कुठे लावणार आहे! मी दिलेली एकेक वस्तू तिच्या काचेच्या कपाटात बसलेली, ही पण तिथेच बसेल. आणि खरं सांगायचं तर तिनं ती शेजारच्या काकूंना "लेकीनं माझ्याच गुलाबांची केलीय हो" म्हणून दाखवली होती. तीच मेणबत्ती फसलीय हे सांगायला माझी जीभ रेटेना.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पुढे एकदा फोनवर कशावरून तरी बिनसलं आणि मी तिला फटकन बोलले, "तुझ्यासाठी काही करणं म्हणजे तुझ्या कपाटासाठी करणं." बोलले आणि विसरूनही गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं ती कपाटातून काढली आणि लावली. माझ्या शब्दाखातर. आणि लावली हे मला सांगायला ती आतल्या खोलीत फोनकडे गेली. मी मेण ओतत होते. तिचं नाव दिसलं, मी उचलला नाही. तिनं परत लावला, तरी उचलला नाही. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत खिडकीचा पडदा पेटला. तो ओढताना तिचा हात भाजला.

शेजारच्या काकूंनी कळवलं म्हणून तू धावत आलास तेव्हा मीही तिथे पोचले होते. ती तुला म्हणाली, "लावली आणि विसरले रे." मला वाटलं, घाबरून तसं म्हणतेय. आणि दादा, मला सुटल्यासारखं वाटलं. मग प्रदर्शन तोंडावर आलं, तू तिला तुझ्याकडे नेलंस, आणि रोज आज सांगू, उद्या सांगू करत मी साबण कापत राहिले.

रविवारी निघताना ती मला दारापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, "दादाला काही बोलू नकोस. तुझं आत्ता कुठे बस्तान बसतंय. मी राहीन इथे. फक्त पुढच्या वेळी पाकळ्या वातीपासून लांब लाव हं."

म्हणजे पडदा ओढताना बरणीत पेटलेल्या पाकळ्या तिनं पाहिल्या होत्या, आणि तरी "विसरले" म्हणाली होती. मी जिना उतरले आणि रस्त्यात मला हुंदका आवरेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्याशानंच मान पुढे केली आणि चोर पोटभर बिस्किटं खाऊन घरी गेला.

तेव्हा भाडेकरूला नाही म्हणून कळव. भिंतीचा रंग नि पडदे माझ्याकडे लागले. हे पत्र आई आणि वहिनीसमोर मोठ्यानं वाच. आई मध्येच "पुरे रे" म्हणेल, थांबू नकोस. वाचून झालं की तिच्या घराची किल्ली तिच्या हातात दे. मग माझ्याशी किती दिवस बोलायचं नाही ते तू ठरव, मी कुरकुर करणार नाही.

आणि त्याच संध्याकाळी तिला म्हण, आई, चहा टाक. काडी तिलाच ओढू दे. तू मागे जाऊन उभा राहू नकोस.

आईच्या पाठीमागे लपलेली,
तुझी धाकटी