साहेबाच्या फार्महाऊसमागची खोली

अण्णा, तुमची खोली मी पाडली. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तेव्हा हे आता सांगून कुणाचं काय भलं होणार आहे कोण जाणे. पण आज रास अल खैमाला आलोय आणि फार्महाऊसच्या पार्किंगमध्ये गाडीचा एसी लावून बसलोय. सून आणि नात आत आइस्क्रीम खातायत. इथे आता कॅफे आहे.

तुम्ही इंजिन चालवायचात ते हेच फार्महाऊस. वाळूत टोमॅटो आणि लसूणघास पिकवून दाखवायला इंग्रज साहेबानं बांधलेलं. तुम्ही रत्नागिरीहून बोटीनं आलात आणि विहिरीवरच्या इंजिनाला जुंपले गेलात. मी सहा वर्षांचा असताना आई आणि मी मागून आलो. आईनं पहिल्याच दिवशी सुके बांगडे भाजले आणि मडमेचं डोकं उठलं. मग साहेब म्हणाला, मागे स्वतंत्र खोली बांधून घ्या. रोज इंजिन बंद झालं की तुमचं तेच काम. दगड, माती, वर खजुराच्या झावळ्या. मी चिखल तुडवायचो, आई पाणी ओतायची. तिच्या चुलीसमोर बसून मी अक्षरं गिरवली. एकदा साहेबाचे पाहुणे आले तर मी धावत जाऊन दार लोटून घेतलं, त्यांना आपली चूल दिसू नये म्हणून. तुम्ही मारलं नाहीत. नुसतं म्हणालात, "दार उघड. चोरी केलीय का आपण कुणाची?" मी उघडलं, पण पाहुणे जाईपर्यंत आईच्या आड उभा राहिलो.

साहेब गेला, फार्म बंद पडलं, आपण शारजाला आलो. पुढे मी कॉन्ट्रॅक्टिंगमध्ये पडलो, हमरियात वर्कशॉप टाकलं, आणि तीन वर्षांपूर्वी हे फार्महाऊस जतन करायचं काम निघालं. ते मी हट्टानं घेतलं. पहिल्याच मीटिंगला छाती फुगवून सांगितलं, "माय फादर वॉज इन ॲग्रिकल्चर हिअर." खोटं नव्हतं म्हणा. ते तुम्हाला ऑफिसर समजले, मी समजू दिलं. त्या दिवसापासून चहा आधी माझ्यासमोर यायला लागला.

नियम सोपा होता. साहेबाच्या काळात जे होतं ते ठेवायचं, नंतर जोडलेलं काढायचं. कन्सल्टंट मॅडमनी नकाशा पसरून विचारलं, मागची ही खोली कधीची? कागदात नाही, फोटोत नाही. कुणी जाणतं माणूस आहे का? मी एक शब्द बोललो असतो तर खोली राहिली असती. पण मग पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं माहीत? मी म्हणालो, "लेटर ॲडिशन, मॅडम. शेळ्या बांधत असतील." त्यांनी ते लिहून घेतलं.

पाडायच्या दिवशी आपला गुहागरकडचा फोरमन माझ्याकडे आला. "शेट, जरा बघा तरी. भिंतीवर धूर बसलाय. देवाचा कोनाडा हाय. बकऱ्या कशाला देव ठेवतील? माणसं राहत होती हितं."

"ड्रॉइंगमध्ये आहे का?"

"नाय."

"मग यल्ला, खलास करा."

त्यानं माणसं लावली. कोनाड्याचा दगड मात्र त्यानं स्वतःच्या हातानं काढला, कपाळाला लावला आणि बाजूला ठेवला. मी गाडीत जाऊन बसलो. अण्णा, मला तुमची लाज वाटत होती. तुमच्या तेलकट हातांची, आईच्या चुलीची, बांगड्याच्या वासाची. साठी उलटली तरी वाटत होती. आता माझी मलाच वाटते, पण तिचा काय उपयोग?

फार्महाऊस देखणं झालंय, ते कबूल. साहेबाची हॅट आहे, मडमेचा चहाचा सेट आहे, तुमचं इंजिनसुद्धा हिरवा रंग फासून ठेवलंय. मागे आपल्या खोलीच्या जागी दगडांचा चौकोन आखलाय आणि पाटी लावलीय. नात तिथेच थांबली. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये वाढलेली पोर, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. तिनं मोठ्यानं वाचलं, गोट शेड.

"आजोबा, गोट्स लिव्ड हिअर? सो क्यूट."

मी मान हलवली.

"अँड व्हेअर डिड यू लिव्ह?"

आठ वर्षांची पोर हो. तिला ना टेंडर कळतं ना ऑफिसर. तिच्यासमोर काय अडत होतं माझं? मी साहेबाच्या घराकडे बोट दाखवलं. तिनं मला तिथल्या पायरीवर उभं केलं आणि फोटो काढला. आत्ता तो घरच्या ग्रुपवर आलाय, सुनेनं खाली लिहिलंय, 'आजोबांचं लहानपणीचं घर'. सगळ्यांनी हार्ट टाकलेत. मीही एक अंगठा टाकला.