महादूचं उभं भात

मुरबाड, कार्तिक, १९४६

लढाईत एक हात गमावून आलेल्या महादूचा सत्कार कसा करायचा, यावर आज चावडीवर खल झाला. कमान ठरली, वाजंत्री ठरली. मी म्हटलं, "कमान राहू द्या. त्याचं भात उभं आहे, दाणे झडायला लागलेत. सगळे मिळून कापून देऊ."

मागे कुजबुज झाली, पण माझे कान तिखट.

"सावडीला घ्याचा कसा त्याला? आपन त्याचं कापू, तो एका हातानं आपलं काय कापनार? शेठला काय, गिरणीत बसून बोलायला!"

गिरणीचं लागलं जरा. सावडीत कामाची फेड कामानंच, हे मान्य. पण उभ्या भाताचं काय? हार घालायला अख्खा गाव, आणि कापायला कुणी नाही?

येताना महादूकडे डोकावलो. तर तोही तेच म्हणाला. "नको शेठ. फेडता येनार नाय."

अरे, तू काय फेडायचं? तुझी पाळी तू लढाईवर देऊन आलास, आता आमची आहे. हे तिथं सुचलं नाही, आत्ता लिहिताना सुचतंय! उद्या विळा घेऊन जातो आणि बांधावरच त्याला सांगतो. कंबर धरली तर धरू दे.