माझी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी

३ मार्च, सकाळी
पायाच्या अंगठ्याजवळची जखम चिघळली. पोटरीपर्यंत लाल. डॉक्टर पेनिसिलिन लिहायला लागले, तिथल्या तिथे थांबवलं. लहानपणापासून अ‍ॅलर्जी आहे, मेलो तर बघा, असं सुनावलं. नक्की काय झालं होतं, म्हणे. म्हणजे मी खोटारडा? अंगभर पुरळ उठलं होतं, स्वच्छ आठवतंय. शेवटी मुकाट्याने दुसरं औषध दिलं. माणसाने ठाम राहावं.

५ मार्च
पाठीवर, पोटावर गांधी. खाजवून जीव नकोसा झालाय. हिने कपड्यांचा साबण बदलला असणार. ही म्हणते, साबण तोच आहे, गोळी नवी आहे. या घरात माझं ऐकतं कोण? उद्यापासून माझे कपडे मीच धुणार.

६ मार्च
धुतले नाहीत. पाय सुजलाय.

७ मार्च
डॉक्टरांनी नवी गोळी बंद केली. गांधी तिच्यामुळेच. हिला सांगितलेलं नाही. लाली गुडघ्याकडे चाललीय, आणखी चालढकल केलीत तर पाय गमवाल म्हणाले. आता पेनिसिलिनच, पण दवाखान्यात, त्यांच्या डोळ्यांदेखत, आधी टेस्ट करून. मी भडकलो. मेलो तर जबाबदार कोण? शांतपणे म्हणाले, मी. असल्या उद्धट माणसाची पायरी पुन्हा चढणार नाही.

८ मार्च
गेलो. केवळ त्यांची जिरवायला. टेस्ट झाली, मग गोळी. शर्ट काढूनच बसलो, म्हणजे पुरळ उठताना सगळ्यांना दिसेल. काही उठेना. अखेर दंडावर एक ठिपका सापडला. नर्सला दाखवला. तीळ आहे म्हणाली.

११ मार्च
सूज उतरली, लाली गेली. नुसता संताप होतोय. इतकी वर्षं सांभाळलेली अ‍ॅलर्जी. हल्ली औषधंच भेसळीची, पुरळ उठणार कुठून?

संध्याकाळी
साक्षीदार म्हणून आईला फोन केला. आई म्हणाली, पुरळ धाकट्याला उठलं होतं. सगळे त्याला घेऊन बसले म्हणून तू भोकाड पसरलंस, मग तुलाही पावडर लावली.
घाबरून धाकट्याच्या घरी फोन लावला. चुकून गोळी घेतली तर जायचा. भावजय म्हणाली, त्यांना ठाऊक आहे, प्रत्येक डॉक्टरला आधी तेच सांगतात. मग मला कुणी का नाही सांगितलं? म्हणाली, दादा, तुम्ही चिडता ना.
मी चिडत नाही, हे तिला चांगलं ओरडून सांगितलं.
फोन आपटून हिला विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? म्हणाली, लग्न ठरलं तेव्हापासून.