आढ्याखालची पाटी

चि. सेन्सुके यास दादाचे आशीर्वाद.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. आईचा खोकला कसा आहे?

काल मी जुन्या घरांच्या नोंदीच्या कामासाठी, बाबांनी छप्पर घातलेल्या त्या साके दारू गाळणाऱ्यांच्या घराचे फोटो काढले. म्हाताऱ्या मालकिणीने मला ओळखलं नाही. म्हणाली, "सुताराचा धाकटा माकडासारखा सरसर वर जायचा. थोरला शिडीपाशीच रडत बसायचा." मी कॅमेरा पुसत राहिलो.

माळ्यावर आढ्याखाली कारागिरांच्या नावांची पाटी सापडली. बाबांच्या नावाखाली तुझं नाव, आठ वर्षांच्या पोराचं. माझं कुठेच नाही.

माप कळावं म्हणून फोटोत पट्टी ठेवतात. ती मी तुझं नाव झाकेल अशी ठेवली.

मग पट्टी बाजूला सरकवून दुसरा फोटो काढला. तो सोबत आहे, आईला दाखव. पहिला अजून फाडलेला नाही.

तुझा,
तोकुजीदादा