दुधाच्या डब्याने मोजलेलं तेल

प्रिय साबांग,

तू पाठवलेलं होडीचं चार स्ट्रोकचं इंजिन मंगळवारी पोचलं. धक्क्यावरून ते वर आणायला दोन माणसं लागली, आणि वर येईपर्यंत दोघंही तुझं नाव घेत होती, चांगल्या अर्थाने नव्हे. सोबतची तुझी चिठ्ठी मी व्हरांड्यात बसून वाचली. "आई, या इंजिनात पेट्रोलमध्ये तेल मिसळायची भानगडच नाही. म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही." ही ओळ मी चार वेळा वाचली. तुझ्याच शाळेच्या पुस्तकांवरून चाळिसाव्या वर्षी वाचायला शिकलेली बाई मी, हळू वाचते. पण ओळीच्या मागे काय आहे तेही मला दिसतं. तेव्हा हे पत्र रागाने लिहिलंय असं तुला वाटलं, तर ते बरोबरच आहे.

आधी इंजिनाचं बोलू. तू कामाला आहेस त्या बिंतुलूच्या बंदरात हे इंजिन चांगलंच असणार. आवाज कमी, धूर नाही, पेट्रोलही कमी पितं. सगळं कबूल. पण आपल्या घरापासून बाजारापर्यंत नदीत सात खळाळ आहेत, हे बंदराच्या खोल पाण्यात राहून तू विसरलास का? पाणी उतरलं की प्रत्येक खळाळात इंजिन वर उचलून होडी खडकांतून ओढावी लागते. रोज संध्याकाळी ते काढून, खांद्यावर घेऊन, ओंडक्याच्या पायऱ्या चढून घरात आणावं लागतं. बाबांचं दोन स्ट्रोकचं, तेल मिसळून चालणारं इंजिन मी एकटी उचलायचे. तुझं माझ्याने जागचं हलत नाही. आईला इंजिन पाठवायचं, तर आईच्या खांद्याला विचारायचं होतंस.

बुधवारी जांतायकाकांनी ते चालवून बघायचं ठरवलं. आयुष्यभराच्या सवयीने रात्री त्यांनी ते हवं तसं आडवं टाकलं होतं. चार स्ट्रोकचं इंजिन ठरावीक कुशीवरच झोपवायचं असतं, नाहीतर पोटातलं तेल नको तिथे उतरतं. तुझ्या पुस्तिकेत चित्रासकट दिलंय. शिवाय टाकीत त्यांनी नेहमीसारखं तेल मिसळलेलंच पेट्रोल ओतलं. असा धूर निघाला म्हणून सांगू! एकाच छपराखाली सतरा कुटुंबांची दारं असलेल्या आपल्या लांबघरातून सगळे बाहेर आले. तिसऱ्या दाराची लुलोंग ओरडली, "साबांगची आई, पोराने इंजिन पाठवलंय का ओल्या लाकडाची चूल ग?" सगळे हसले, मीही हसले. मग जांताय खोकत खोकत म्हणाले, "सवय हो, वहिनी! जास्त पडलं असेल, पण मी तेल विसरत तरी नाही." कुणी पायांकडे बघायला लागलं, कुणी नदीकडे.

पंधरा महिने हेच चाललंय, साबांग. चौथ्या खळाळात बाबांची होडी उलटली आणि जांताय एकटेच पोहून आले. आल्या आल्या म्हणाले, "इंजिन कडकन बसलं. आत तेलच नसणार." त्या दिवशीचं पेट्रोल मी तयार केलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला कुणी एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त, ज्या घरातल्या निम्म्या होड्यांचं तेल मी मोजून द्यायचे, तिथून माझ्याकडे पुन्हा एकही कॅन आला नाही. आणि तू, बाबांना पुरून आलो त्या दुपारी, पाय धुताना विचारलंस, "आई, त्या दिवशी तेल घातलं होतंस ना?" मी उत्तर दिलं नाही. रागाने नव्हे. रोज करतो ते काम एका ठरावीक दिवशी केलं की नाही, हे माणसाला आठवत नाही रे. एका कॅन पेट्रोलला दुधाच्या रिकाम्या डब्याने एक डबा तेल, वर अर्धा. वीस वर्षं हाच हिशेब. पण त्या सकाळचा डबा काही केल्या डोळ्यांपुढे येईना. पंधरा महिने मीच मला विचारत राहिले.

बुधवारच्या त्या टोमण्यानंतर मी बाबांचा पत्र्याचा डबा उघडला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी जुन्या इंजिनाची पुस्तिका त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपली होती. तुला आठवतं, रीतीप्रमाणे त्यांच्या जाळ्याबरोबर, टोपीबरोबर इंजिनही थडग्यावर ठेवायचं तू म्हणत होतास आणि मी देईना? लोक मला चिकट म्हणाले. नदीतून काढल्या दिवशीच मी त्याचा प्लग काढून पाणी उपसलं होतं आणि आत तेल सोडलं होतं, बाबा बुडलेल्या इंजिनाचं करायचे तसं. मग ते घराखाली टांगलं. मेलेल्या माणसाचं म्हणून त्याला कुणी हात लावला नाही. मीही नाही.

तेल न मिळाल्याने बसलेल्या इंजिनाची चालू करायची दोरी हलत नाही, असं पुस्तिकेत आहे. गुरुवारी मी दोरी ओढली. ती लोण्यातून यावी तशी आली. मग पाण्यात फिरणारा पंखा काढला. त्याला दांड्याशी धरून ठेवणारी पितळी पिन असते ना, बोटाच्या पेराएवढी? खडकावर आपटलं की ती तुटते आणि पंखा फिरायचा थांबतो. इंजिन बोंबलत राहतं, होडी मात्र मागे वाहते. पिन मधोमध तुटलेली होती. तरी खात्री हवी म्हणून मी इंजिन बाजारात लाऊ मिस्त्रीकडे नेलं. त्याने आतून उघडून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मावशी, एक ओरखडा नाही. तेल घालणाऱ्याने पोटच्या पोरासारखं पाजलंय याला."

मी तिथेच त्याच्या स्टुलावर बसले. त्याने न विचारता चहा आणून दिला.

घरी आल्यावर व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, पिनेचे तुकडे जांतायपुढे ठेवले. त्या दिवशी होडीच्या टोकाशी बांबू घेऊन उभं राहून खडक दाखवायचं काम त्यांचं होतं. त्यांनी एक तुकडा उचलून बोटांत फिरवला. मग म्हणाले, "वहिनी, झुंजीला नेत होतो तो कोंबडा टोपलीतून सुटला. मी त्याला धरायला वाकलो. बांबू खाली होता." एका कोंबड्यापायी! चूक कुणाचीही होते, ती मी एखाद्या दिवशी माफही करेन. पण पंधरा महिने माझ्या हातचा भात खाऊन ते गप्प राहिले, त्याचं काय करू ते मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी लुलोंग आपला कॅन घेऊन आली. दाराशी ठेवून गेली. मी तेल मोजून दिलं.

तुझं इंजिन तू घेऊन जा, तुझ्या खोल पाण्यात ते शोभेल. बाबांच्या इंजिनाला मी नवी पिन बसवलीय. सणाला येशील तेव्हा बाजाराच्या धक्क्यावर मीच तुला न्यायला येईन. तेल तुझ्यासमोर मिसळेन, तू नीट बघ. मग पुढे बांबू घेऊन उभा राहा. चौथ्या खळाळातून होडी मी चढवीन. पाय धुताना तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर द्यायला हे पत्र लिहिलंय. पाकिटात पिनेचा अर्धा तुकडा आहे. दुसरा माझ्याकडे ठेवलाय. घातलं होतं, बाळा. त्या दिवशीही घातलं होतं.

तेल न विसरलेली, तुझीच
आई